जुन्नरचे चेहरे, परक्या रेषा

१.
जुन्नर म्हटले की शिवनेरी आठवतो, नाणेघाट आठवतो, लेण्याद्री आठवते. चित्रकला सहसा आठवत नाही. तरीही सतराव्या शतकात या गावाशी ज्यांचा निकटचा संबंध आला अशा तीन पुरुषांचे चेहरे आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत : मलिक अंबर, शाहजहान आणि छत्रपती शिवाजी महाराज. हे चेहरे तिथवर कसे पोहोचले, कोणाच्या हातांनी उतरवले आणि त्यांवर नावे कोणी लिहिली, याचा हा धागा आहे.

२.
थोर चित्रकाराचे चित्र समोर ठेवायचे आणि मोकळ्या, वेगवान रेषेत त्यातला चेहरा आपल्या कागदावर उतरवायचा, हा कलाशाळेतला जुना अभ्यास. आजही अनेक विद्यार्थी तो करतात. त्याकडे आपण हाताचा सराव म्हणून पाहतो. इतिहासात मात्र या सरावाने फार मोठे काम केले आहे. छायाचित्र नव्हते त्या काळात चेहरा दूरदेशी जायचा तो नकलेच्या वाटेने. एकाने पाहिले, दुसऱ्याने ते उतरवले, तिसऱ्याने त्यावरून पुन्हा उतरवले.

३.
जुन्नर परिसरातील सर्वांत जुन्या व्यक्तिशिल्पांपासून सुरुवात करू. नाणेघाटातील लेणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. त्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुळाच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या आणि प्रत्येक प्रतिमेच्या वर ब्राह्मी लिपीत नाव होते. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन.

४.
आज तिथे जाऊन पाहिले तर प्रतिमा नष्ट झालेल्या दिसतात. काही ठिकाणी पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. नावे शिल्लक आहेत, चेहरे गेले. देशावरून कोकणात उतरणाऱ्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपले कुळ उभे राहावे, ही नायनिकेच्या काळातली इच्छा. दगडाने ती अर्धीच पाळली. त्या मुखांची नक्कल कोणी कापडावर किंवा ताडपत्रावर करून ठेवली असती, तर सातकर्णी कसा दिसत होता हे कदाचित आज सांगता आले असते. नाणेघाटाची ही रिकामी भिंत ध्यानात ठेवू या.

५.
आता एकदम सतराव्या शतकात येऊ. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा सर्वाधिकारी झालेला मलिक अंबर. त्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने निजामशाहीची राजधानी काही काळ जुन्नरला ठेवली होती. मोगल फौजांना त्याने दख्खनमध्ये वर्षानुवर्षे झुंजवले. बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख शिव्याशापांशिवाय क्वचितच करतो.

६.
या शत्रूचा चेहरा मोगल दरबाराला हवा होता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १६२० च्या सुमाराचे मलिक अंबरचे व्यक्तिचित्र आहे. चित्रकार हाशिम. एका बाजूने दिसणारा, पांढऱ्या जाम्यातला, वयाने पिकलेला पुरुष. चित्रात तिरस्काराचा मागमूस नाही. बादशहा ज्याला शिव्या घालतो, त्याला बादशहाचाच चित्रकार सन्मानाने रंगवतो. कलावंताची नजर आणि धन्याची नजर दरवेळी एक नसते, याचा हा पुरावा.

७.
दुसरे चित्र अगदी उलट्या जातीचे. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयातील या चित्रात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून, भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मस्तकाला बाण मारतो आहे. चित्रकार अबुल हसन. असे काही प्रत्यक्षात कधीच घडले नाही. मलिक अंबर १६२६ मध्ये वृद्धापकाळी, नैसर्गिक मृत्यूने गेला. रणांगणावर जे साधले नाही, ते बादशहाने कागदावर साधून घेतले.

८.
पण या खोट्या प्रसंगातही चेहरा ओळखू येण्यासारखा असणे भाग होते. मस्तक कोणाचे हे पाहणाऱ्याला कळले नाही, तर सूड पुरा होत नाही. म्हणजे प्रसंग काल्पनिक आणि मुखवटा खरा! चित्राचा पुरावा म्हणून वापर करताना ही फोड करावीच लागते. एकाच चौकटीत एक गोष्ट विश्वासार्ह आणि दुसरी बनावट असू शकते.

९.
हाच अबुल हसन लहानपणी काय करत होता? ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात त्याचे १६००-०१ चे एक रेखाटन आहे. जर्मन चित्रकार ड्युररच्या १५११ मधील ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाच्या मुद्राचित्रातील संत जॉनची आकृती त्याने उतरवली आहे. त्यावरील नोंदीप्रमाणे त्या वेळी तो तेरा वर्षांचा होता. युरोपातून आलेल्या कागदावरून एक मोगल मुलगा शिकत होता. सुमारे साठ वर्षांनी हा प्रवाह उलट्या दिशेने वाहणार होता.

१०.
मोगल चित्रशाळेत चेहरा टिपण्याची रीत अशी. आधी प्रत्यक्ष माणूस पाहून केलेले झटपट रेखाटन. मग पारदर्शक कातड्यावर त्याचा ठसा. त्याला चरबा म्हणत. चरब्याच्या रेषांवर बारीक छिद्रे पाडून, वरून कोळशाची पूड दाबली की खालच्या कागदावर तीच रेषा उमटे. एकदा टिपलेला चेहरा असा पुन्हा पुन्हा वापरता येई. त्यामुळे एकाच माणसाची वीस चित्रे सापडली, तरी ती वीस साक्षी नसतात. मुळात साक्ष एकच असते.

११.
मूळ रेखाटनाचे मोल कळण्यासाठी १६१८ चा प्रसंग पाहावा. इनायत खान हा दरबारी अफू आणि मद्याने खंगून मरणपंथाला लागला होता. जहांगीरने त्याला पाहून चित्रकारांना त्याचे चित्र काढायला सांगितले. त्या मरणासन्न माणसाचे रेखाटन बोस्टनला आहे आणि त्यावरून रंगवलेले चित्र ऑक्सफर्डला. रंगीत चित्रात गाद्या, गिर्द्या, भिंत सगळे नीटनेटके आहे. रेखाटनात जवळजवळ फक्त हाडे आणि श्वास. घाईत ओढलेल्या रेषेने जे पकडले, ते रंगांनी थोडे झाकले.

१२.
आता पुन्हा जुन्नर. बापाविरुद्ध बंड करून थकलेला शाहजादा खुर्रम, म्हणजेच पुढचा शाहजहान, १६२७ मध्ये जुन्नरला राहत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तरेकडून बनारसी नावाचा हरकारा मजल दरमजल करीत जुन्नरला पोहोचला. जहांगीर वारला, ही बातमी त्याने आणली. शाहजहान जुन्नरहून गुजरातमार्गे निघाला आणि १६२८ च्या आरंभी आग्र्यात तख्तावर बसला. ताजमहाल बांधणाऱ्या बादशहाला आपण बादशहा होणार हे जुन्नरच्या मुक्कामी कळले!

१३.
त्या वेळी हॉलंडमधल्या लायडन गावी एक एकवीस वर्षांचा तरुण आरशासमोर बसून स्वतःच्या चेहऱ्याचे झटपट अभ्यास करण्याच्या नादी लागत होता. त्याचे नाव रेम्ब्रां. तो आयुष्यात कधी नेदरलँड्सबाहेर गेला नाही. हिंदुस्थान त्याच्याकडे आला तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून. सुरत, वेंगुर्ले, मछलीपट्टण येथे कंपनीच्या वखारी होत्या. मसाले आणि कापडाबरोबर मोगल चित्रेही ॲमस्टरडॅमला जात.

१४.
सुमारे १६५६ ते १६६१ या काळात रेम्ब्रांने अशी मोगल चित्रे समोर ठेवून रेखाटने केली. त्यांपैकी तेवीस आज ज्ञात आहेत. १७४७ मध्ये लंडनला एका संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हाच्या यादीत रेम्ब्रांच्या हातच्या पंचवीस हिंदुस्थानी रेखाटनांची वही नोंदलेली आहे. विषय बहुतांशी राजघराण्यातले : अकबर, जहांगीर, दारा शुकोह, आणि पुन्हा पुन्हा येणारा शाहजहान. जुन्नरला बातमी मिळालेला तोच पुरुष.

१५.
या रेखाटनांसाठी रेम्ब्रांने लेखणी, तपकिरी शाई आणि पूर्व आशियातून आलेला गुळगुळीत कागद वापरला. परदेशी चित्राला साजेसा परदेशी कागद त्याने मुद्दाम निवडला असावा. जाता जाता सांगायला हवे, की आपले जुन्नरही कागदासाठी प्रसिद्ध होते. येथील कागदी मंडळींनी हाताने केलेला जुन्नरी कागद मराठी दफ्तरांत वापरला जाई. सम्राटांचे चेहरे असोत की महसुलाचे हिशेब, टिकून राहण्यासाठी दोघांनाही चांगला कागदच लागतो.

१६.
रेम्ब्रांने नक्कल कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. एरवीच्या मानाने त्याचा हात इथे जपून चालतो. पागोट्याचे वळसे, मोत्यांच्या माळा, कट्यारीची जागा तो काळजीने टिपतो. पण जामा आणि पाय यांच्याकडे येताना रेषा सैल होते. मोगल चित्रात माणसाची सावली जमिनीवर सहसा पडत नाही. रेम्ब्रां तपकिरी शाईचा हलका हात फिरवून सावली आणतो आणि आकृतीला वजन येते. तो शिकतोही आहे आणि शिकता शिकता स्वतःचे काही मिसळतोही आहे.

१७.
या अभ्यासाचा त्याला प्रत्यक्ष उपयोगही झाला. झाडाखाली बसलेल्या चार वृद्ध मौलवींचे एक मोगल चित्र त्याने उतरवले; ते रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातली जमिनीवर बसून पाहुणचार घेण्याची मांडणी त्याच्या १६५६ च्या मुद्राचित्रात येते. विषय बायबलमधील अब्राहम आणि देवदूत यांचा. बायबलातले लोक पूर्वेकडचे, तेव्हा ते खुर्चीवर कशाला बसतील, असा विचार त्यामागे दिसतो. हिंदुस्थानी बैठक अशी एका ख्रिस्ती कथेत जाऊन बसली.

१८.
आता तारखा शेजारी ठेवून पाहा. १६५६ मध्ये रेम्ब्रांचे दिवाळे वाजले. घरातल्या वस्तूंची यादी झाली. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नरवर छापा घातला आणि मोठी लूट मिळवली. १६५८ मध्ये औरंगजेबाने शाहजहानला आग्र्याच्या किल्ल्यात कैद केले. ज्या वर्षांत ॲमस्टरडॅमचा दिवाळखोर चित्रकार शाहजहानचा दिमाख कागदावर टिपत होता, त्याच वर्षांत तो दिमाख प्रत्यक्षात मावळत होता.

१९.
रेम्ब्रांने या रेखाटनांवर त्या व्यक्तींची नावे लिहून ठेवलेली नाहीत. हा शाहजहान, हा दारा, ही ओळख पुढच्या अभ्यासकांनी मोगल चित्रे शेजारी ठेवून पटवली. आता नाणेघाटाची भिंत आठवा. तिथे नाव आहे, चेहरा नाही. इथे चेहरा आहे, नाव नाही. इतिहासाला दोन्ही लागतात आणि दोहोंची गाठ बांधणारे हात बहुधा तिसऱ्याच कोणाचे असतात. ही गाठ चुकीची बांधली गेली तर काय होते, ते आपल्याच घरात घडले आहे.

२०.
१६३० मध्ये शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला. त्यांच्या रूपाविषयी सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक १६६४ चे. सुरतेच्या पहिल्या स्वारीच्या वेळी तिथे असलेला इंग्रज पाद्री एस्कॅलिऑट आपल्या पत्रात लिहितो की, ज्यांनी त्यांना पाहिले त्यांच्या सांगण्यानुसार महाराज मध्यम उंचीचे, बांधेसूद, बोलताना हसरे आणि तीक्ष्ण नजरेचे होते. फ्रेंच प्रवासी तेवनोही डोळ्यांतील तेजाचाच उल्लेख करतो. हीदेखील शब्दांतली शीघ्ररेखाटनेच. चार-पाच रेषा आणि माणूस उभा.

२१.
१६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर जाताना महाराज कुतुबशहाच्या भेटीसाठी भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला गेले. त्या शहराने त्यांना डोळे भरून पाहिले. पुढच्या दहा वर्षांत गोवळकोंड्याचे चित्रकार युरोपीय गिऱ्हाइकांसाठी हिंदुस्थानी राजेरजवाड्यांच्या चित्रांचे संच करू लागले. ही बाजारासाठी भराभर केलेली कामे. एकाच ठशावरून अनेक प्रती. ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममधील विट्सेनच्या संग्रहात अशी चित्रे आहेत. त्यांत महाराजही आहेत : टोकदार दाढी, सरळ धारदार नाक.

२२.
इटालियन प्रवासी मनुची याने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून १६८६ पूर्वी करवून घेतलेले अश्वारूढ महाराजांचे चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. डच लेखक व्हॅलेंटाइन याने १७२४ ते १७२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात महाराजांचे मुद्राचित्र छापले. दख्खनी कुंचला, डच जहाज, ताम्रपटावरची कोरणी, छापखाना असा तो चेहऱ्याचा प्रवास. रेम्ब्रांपर्यंत शाहजहान ज्या वाटेने गेला, त्याच व्यापारी वाटेने शिवनेरीवर जन्मलेला राजा युरोपात पोहोचला.

२३.
दरम्यान महाराष्ट्रातही हात तयार होत होते. १७९० च्या दशकात पुण्यात इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयाने चित्रकार जेम्स वेल्स काम करत होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे त्याने केलेले चित्र प्रसिद्ध आहे. हेच नाना, ज्यांनी आंबेगाव-खेडच्या सीमेवरील भीमाशंकराच्या मंदिराचे शिखर बांधवले. नानांचा चेहरा आज आपल्याला दिसतो तो मुख्यतः वेल्सच्या नजरेतून.

२४.
वेल्सच्या हाताखाली गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा कारागीर रेखाटन शिकला. मल्ल, साधू, लेणी, इतकेच काय, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्याने टिपला. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. परक्या गुरूची रेषा घेऊन त्याने आपल्या गल्लीतली माणसे काढली. मोठ्यांच्या चित्रांवरून शिकणे म्हणजे दास्य नव्हे, हे गंगारामने दोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

२५.
आणि आता ती चुकलेली गाठ. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात शिवाजी महाराजांचे म्हणून जे एक चित्र सर्रास छापले जात होते, ते वास्तविक इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे होते. मनुचीच्या ग्रंथातील चित्राला चुकीचे नाव चिकटले आणि छापखान्यांनी ते घरोघर पोहोचवले. ज्या राजाच्या नावाने उत्सव चालत, त्याच्या जागी लोक भलत्याच माणसाला हार घालत होते. त्यात कोणाची लबाडी नव्हती. प्रत पाहून प्रत निघत गेली आणि मुळाकडे कोणी वळले नाही.

२६.
इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक उघडकीस आणली. जुनी डच साधने चाळताना व्हॅलेंटाइनच्या ग्रंथाशी निगडित चित्र त्यांच्या हाती लागले आणि त्यांनी ते महाराजांचे अस्सल चित्र म्हणून महाराष्ट्रापुढे ठेवले. आज शाळांत, कचेऱ्यांत, घरांत महाराजांची जी मुद्रा आपल्या मनात ठसली आहे, तिच्यामागे गोवळकोंड्याच्या अनाम चित्रकारांची झरझर चाललेली रेषा आणि बेंद्रे यांची चिकाटी, दोन्ही आहेत.

२७.
हा धडा आज अधिक निकडीचा आहे. दर आठवड्याला कोणते ना कोणते चित्र ‘महाराजांचे मूळ चित्र’ म्हणून मोबाइलवर येते आणि क्षणात हजारो ठिकाणी जाते. आता तर संगणक चेहरे स्वतःच बनवतो. अशा वेळी चित्राला तीन प्रश्न विचारावेत. हे प्रत्यक्ष पाहून काढले, की दुसऱ्या चित्रावरून? काढून घेणारा कोण, आणि त्याला काय हवे होते? आणि त्यावर नाव कोणी, केव्हा लिहिले? मलिक अंबरचे मस्तक, शाहजहानची रेखाटने, इब्राहिमखानाचे चित्र. तिन्ही कोडी याच प्रश्नांनी सुटतात.

२८.
चौथी गोष्ट प्रश्न नाही, कृती आहे. जुन्नर, आंबेगाव, मंचर, घोडेगाव, जिथे असाल तिथे एक कागद घ्या. हाशिमचा मलिक अंबर किंवा रेम्ब्रांचा शाहजहान समोर ठेवा आणि पाच मिनिटांत, खोडरबर न वापरता, तो चेहरा उतरवा. चांगला येण्याची गरज नाही. पागोटे कपाळावर किती खाली येते, हनुवटी मानेपासून किती पुढे आहे, हे नुसते पाहताना निसटते. हात चालू लागला की कळते.

२९.
आणि काढून झाल्यावर कोपऱ्यात तीन गोष्टी लिहा : चेहरा कोणाचा, कोणत्या चित्रावरून, आणि तारीख. रेम्ब्रांने एवढे लिहिले असते तर अभ्यासकांचे पुष्कळ श्रम वाचले असते. नाणेघाटातील नायनिकेच्या पिढीने नावे दगडात कोरली, म्हणून चेहरे गेल्यावरही ते कुळ आपल्याला माहीत आहे. चेहरा आणि नाव एकत्र ठेवणे, हे चित्रकाराचेही काम आहे आणि इतिहासकाराचेही.